बॅकअप घेतलाय, पण परत येतोय का?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बसमध्ये नीट ऐकू आलं नसेल किंवा मधलं काही पटकन शोधायचं असेल, तर वेळ बघून थेट तिथे जा. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

[००:००] ताईचा फोन

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मी पुण्यात ऑफिसच्या कॅबमध्ये होतो आणि ताईचा फोन आला. ताई सांगलीला गावभागात राहते. घरूनच अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करते. तीन हळदीचे व्यापारी, काही किराणा दुकानं, दोन ट्रान्सपोर्टवाले, असे तिचे क्लायंट. तिचा आवाज एकदम शांत होता. आमच्या घरात आवाज शांत झाला की समजायचं, काहीतरी मोठं झालंय.

"अरे, त्या हळदवाल्यांची २०२२-२३ ची खरेदीची बिलं सापडत नाहीयेत. अख्खा फोल्डरच नाहीये."

"क्लाउडवर बघ ना."

"तिथेपण नाहीये. तूच म्हणाला होतास ना, तिथे सगळं आपोआप जातं म्हणून?"

म्हणालो होतो. दोन दिवाळ्यांआधी मीच तिच्या लॅपटॉपवर क्लाउडचा फोल्डर लावून दिला होता आणि रुबाबात सांगितलं होतं, "आता काळजी सोड." बीटेक झालेला भाऊ म्हटल्यावर तिने विश्वास ठेवला.

झालं असं, की सप्टेंबरमध्ये लॅपटॉप भरला. ताईने जुन्या वर्षाचा फोल्डर डिलीट केला, कारण "क्लाउडवर आहेच की". लॅपटॉपवरून गेला तसा तो क्लाउडवरूनही गेला. तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहिला आणि मग कायमचा गेला. कोणाला कळलंही नाही. कळलं ते नोव्हेंबरमध्ये, त्या व्यापाऱ्याला इनपुट टॅक्स क्रेडिटबद्दल नोटीस आली तेव्हा. उत्तर द्यायला १२ दिवस उरले होते.

ते १२ दिवस ताई मार्केट यार्डात फिरत होती, प्रत्येक पुरवठादाराकडे जाऊन बिलाची दुसरी प्रत मागत. बहुतेकांनी दिली. चार बिलं शेवटपर्यंत मिळाली नाहीत आणि तेवढं क्रेडिट सोडून द्यावं लागलं. ताईने त्या व्यापाऱ्याकडून त्या वर्षीची फी घेतली नाही. तो काही बोलला नाही, पण तिलाच घ्यावीशी वाटेना.

तर आजचा भाग घरातल्या ऑफिसच्या बॅकअपबद्दल आहे. ताईसाठी आम्ही नंतर जे बसवलं, ते तुम्हाला सांगतो. फ्रीलान्स डिझाइन करत असाल, क्लास घेत असाल किंवा वेडिंग फोटोग्राफी करत असाल, तरी हिशोब हाच.

[०२:३०] सिंक म्हणजे आरसा

माझी चूक कुठे झाली ते आधी बघू, कारण ही चूक आपल्यातले निम्मे लोक आजही करतायत.

सिंक हा आरसा आहे. तुम्ही केस विंचरले की आरशातही विंचरलेले दिसणार, टक्कल केलं की आरशातही टक्कल. लॅपटॉपवर फाइल बदलली की क्लाउडवर बदलते, डिलीट केली की तिथूनही जाते. रॅन्समवेअर आलं आणि त्याने फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद झालेल्या फाइलीच इमानदारीत वर चढतात.

बॅकअप म्हणजे फोटो. त्या दिवशी तुम्ही कसे दिसत होता, ते त्यात राहतं. उद्या टक्कल केलं तरी कालचा फोटो बदलत नाही.

सिंक वाईट नाही. फोन आणि लॅपटॉपवर एकच फाइल दिसावी यासाठी तो मस्त आहे. काही सेवांमध्ये जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, ट्रॅश असतो. पण त्याला मुदत असते आणि घोळ त्या मुदतीनंतर लक्षात येतो. ताईचा तसाच आला. म्हणून पहिला प्रश्न: मी माझ्याकडची फाइल आत्ता डिलीट केली, तर तीन महिन्यांनी ती कुठेतरी असेल का? उत्तर "नाही" असेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.

[०४:१०] नक्की काय वाचवायचं?

ताईच्या लॅपटॉपवर तेव्हा सुमारे ४०० जीबी भरलेलं होतं. सगळ्याचा बॅकअप घ्यायला गेलात की काम अवाढव्य दिसतं, आणि मग आपण ते पुढच्या रविवारवर ढकलतो. म्हणून आम्ही वही घेतली आणि तीन रकाने केले.

पहिला रकाना, गेलं तर परत मिळणारच नाही असं: टॅलीचा डेटा, बिलांचे स्कॅन, एक्सेलमधली आकडेमोड, क्लायंटशी झालेला पत्रव्यवहार.

दुसरा, परत मिळेल पण वेळ जाईल असं: भरलेली रिटर्न्स. ती पोर्टलवरून पुन्हा उतरवता येतात.

तिसरा, गेलं तरी चालेल असं: सॉफ्टवेअरचे सेटअप, डाउनलोडमधला कचरा आणि एका लग्नाचा अडीच तासांचा व्हिडिओ, जो घरात कोणीही बघत नाही.

पहिल्या दोन रकान्यांचं मिळून ९० जीबी निघालं. ४०० वरून ९०! आता गणित बघा. घरच्या ब्रॉडबँडला अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला, तर ९० जीबी वर चढायला साधारण १० तास लागतात. म्हणजे एका रात्रीचं काम. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी वेगाने तेच १५ मिनिटांत होतं. प्रत्यक्षात हजारो छोट्या फाइली असल्या की जास्त वेळ लागतो, ताईला पाऊण तास लागला. पण हे फक्त पहिल्यांदा. नंतर बदललेल्या फाइलीच जातात.

किती जुनं ठेवायचं? जीएसटीच्या कायद्यात हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितलंय. म्हणजे सहा वर्षं. लॅपटॉप सहा वर्षं टिकेल याची खात्री कोण देतो? तुमच्या धंद्यालाही असा काहीतरी नियम असेल, तो आधी बघा.

[०६:००] दोन कॉपी, एकच पिशवी

बॅकअपचा एक प्रसिद्ध नियम आहे, ३-२-१. पीटर क्रोग या फोटोग्राफरमुळे तो लोकप्रिय झाला. डेटाच्या तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. मूळ फाइल हीसुद्धा तीनपैकी एक धरायची.

यातला शेवटचा "१" लोक सर्रास सोडतात. ताईला तो समजावून सांगावा लागला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा तिने लॅपटॉप आणि हार्ड डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका पिशवीत घातली आणि ती पिशवी मांडीवर धरून बोटीत बसली. वाचलं सगळं. पण मी ३-२-१ सांगायला लागलो तेव्हा तीच म्हणाली, "म्हणजे दोन कॉपी होत्या, पण पिशवी एकच होती."

अगदी हेच. चोर आला तर तो लॅपटॉप नेताना शेजारची डिस्क सोडून जात नाही. शॉर्टसर्किट, पाणी, वाळवी यांना मूळ कोणतं आणि कॉपी कोणती ते कळत नाही. दुसरी जागा म्हणजे दुसरी खोली नव्हे. एकाच संकटात दोन्ही सापडणार नाहीत, ती दुसरी जागा.

[०७:२०] आमचं वेळापत्रक

वेळापत्रक ठरवण्याआधी ताईला दोन प्रश्न विचारले. एक, किती दिवसांचं काम पुन्हा करायची तुझी तयारी आहे? ती म्हणाली, "एक दिवस. पण रिटर्न भरायच्या आठवड्यात अर्धा दिवसही नाही." दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी, त्यामुळे त्या दिवसांत तिला पाणी प्यायला फुरसत नसते. दोन, लॅपटॉप मेला तर किती वेळात परत कामाला लागायचंय? "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

या दोन उत्तरांवरून हे ठरलं:

रोज संध्याकाळी, ५ मिनिटं. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनू उघडायचा, बॅकअप घ्यायचा आणि तो तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. मग टॅली बंद. टॅली चालू असताना तिचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येऊ शकतात. ११ आणि २० च्या आसपास हाच बॅकअप दुपारीही घ्यायचा.

रोज रात्री, आपोआप. पहिल्या दोन रकान्यांतलं जे बदललं असेल ते क्लाउडवर जातं. पण सिंक नव्हे, बॅकअप प्रोग्रॅममधून, जो जुन्या आवृत्त्या ठेवतो आणि फाइली लॅपटॉपवरच एन्क्रिप्ट करून मगच पाठवतो. आम्ही डुप्लिकाटी वापरतो, फुकट आहे. एक काळजी घ्या: लॅपटॉप झोपलेला असेल तर रात्रीचं काम होत नाही. म्हणून आम्ही वेळ रात्री दोनची न ठेवता साडेनऊची ठेवली, ताई मालिका बघत असते तेव्हाची.

दर शुक्रवारी, अर्धा तास. हार्ड डिस्क जोडायची, विंडोजच्या फाइल हिस्ट्रीने कॉपी घ्यायची, डिस्क काढून कपाटात ठेवायची. "काढून" हा शब्द महत्त्वाचा. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्या दृष्टीने लॅपटॉपचाच भाग असते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरलं, तेव्हा त्याने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या.

दर महिन्याला, अदलाबदल. एकसारख्या दोन डिस्क आहेत, एक सांगलीत आणि एक पुण्यात माझ्याकडे. मी घरी गेलो की बदलतो. मी नाही गेलो तर ताई येते, किंवा इकडे येणाऱ्या कोणाकडेतरी बाकरवडीच्या डब्यासोबत डिस्क येते. आतलं सगळं एन्क्रिप्टेड असल्यामुळे चालतं.

आता माझा अनुभव विचाराल, तर या चारपैकी जे आपोआप होतं ते टिकतं. जे हाताने करायचं ते एखाद्या जुन्या सवयीला बांधलं तरच टिकतं. ताईचा शुक्रवार टिकला, कारण त्या दिवशी ती आठवड्याची फाइलिंग करतेच. "वेळ मिळेल तेव्हा" असं ठरवलं असतं, तर ते आत्तापर्यंत बंद पडलं असतं.

[१०:१०] किल्ली घरात, कुलूप बाहेरून

क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं अशी डिस्क कोणाच्या हाती लागली तर तो वेगळाच ताप. त्यामुळे एन्क्रिप्शन हवंच. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरने डिस्कला कुलूप लावता येतं. होम आवृत्तीत तशी सोय नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे फुकटचं सॉफ्टवेअर चालतं.

पण पासवर्ड कुठे ठेवला? आम्ही सुरुवातीला तो एका फाइलमध्ये लिहिला आणि ती फाइल... त्याच डिस्कवर. हसू नका. म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवली. आता पासवर्ड दोन कागदांवर आहे, एक सांगलीत आणि एक माझ्याकडे. आणि बॅकअपच्या पासवर्डला "फरगॉट पासवर्ड" नसतो, हे लक्षात असू द्या. विसरलात की संपलं.

क्लाउडच्या खात्याचंही तसंच. लॉगिनचा कोड फोनवर येतो. लॅपटॉप आणि फोन एकदम चोरीला गेले तर? खात्याच्या सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, ते आजच कागदावर उतरवून ठेवा.

[११:२०] आणि फोन?

एका श्रोत्याने मागच्या भागाखाली विचारलं होतं, "माझं ऑफिस फोनमध्येच आहे, मी काय करू?" ताईचंही निम्मं ऑफिस फोनमध्येच होतं. दुकानदार बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात आणि ती "ओके" म्हणते. ते बिल तिथेच राहतं.

व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू ठेवा, पण त्यावर धंदा सोपवू नका. तो अख्ख्या गप्पा नव्या फोनवर आणण्यासाठी असतो. त्यातून मार्चमधलं एक बिल उचलून काढता येत नाही. अँड्रॉइडवर तो गुगल खात्याची जागाही खातो, आणि फुकटच्या १५ जीबीत मेल, फोटो, ड्राइव्ह सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. जागा भरली की बॅकअप थांबतो.

आमचा नियम साधा आहे: बिल आलं की त्याच दिवशी ते लॅपटॉपवरच्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये जाणार, मगच "ओके". एकदा फोल्डरमध्ये गेलं, की पुढचं काम वेळापत्रक करतं.

[१२:३०] खरी परीक्षा: परत आणून बघा

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाकी विसरलात तरी चालेल.

१९९८ मध्ये पिक्सारमध्ये टॉय स्टोरी २ चं काम चालू होतं. कोणीतरी चुकीची कमांड चालवली आणि सिनेमाच्या फाइली भराभर उडायला लागल्या. बॅकअप होता, पण तो काढायला गेल्यावर कळलं की तो नीट चालतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या मशीनवर सिनेमाची कॉपी होती. घरातल्या ऑफिसने स्टुडिओला वाचवलं!

दुसरं उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस उडवला. बॅकअपचे अनेक मार्ग होते. रोजचा बॅकअप बघायला गेले तर ती जागा रिकामी. तो कधीपासून फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कामासाठी योगायोगाने घेतलेली सहा तास जुनी कॉपी होती, तिच्यावर भागवावं लागलं. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला शिकायला मिळतं.

या मोठमोठ्या इंजिनिअर मंडळींचं असं होतं, तर माझं आणि ताईचं काय? म्हणून जानेवारीत आम्ही परीक्षा घेतली. नियम असा, की ताईच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. समजायचं, तो कृष्णेत गेला. माझा लॅपटॉप, ती डिस्क आणि तो पासवर्डचा कागद, एवढंच. तीन गोष्टी परत आणायच्या: या आठवड्यातली एक फाइल, दोन वर्षांपूर्वीची एक फाइल आणि टॅलीमधली एक अख्खी कंपनी.

या आठवड्यातली फाइल दोन मिनिटांत आली. टॅलीची कंपनीही उघडली. ती मी वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर केली. तुम्हीही तसंच करा, नाहीतर चालू डेटावर जुना डेटा बसायचा. दोन वर्षांपूर्वीची फाइल मात्र नव्हती. स्कॅनचा अख्खा फोल्डरच डिस्कवर नव्हता.

ताईने माझ्याकडे बघितलं. पुन्हा तोच शांत आवाज. "म्हणजे आपण इतके शुक्रवार काय करत होतो?"

कारण अर्ध्या तासाने सापडलं. फाइल हिस्ट्री आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरलेले फोल्डरच घेते. ताईचे स्कॅन डी ड्राइव्हवर होते. तो फोल्डर लायब्ररीमध्ये टाकल्याशिवाय फाइल हिस्ट्रीला तो दिसतच नाही. इतके आठवडे आम्ही डिस्क जोडत होतो, दिवा लुकलुकत होता, "झालं" असा मेसेज येत होता. आणि जे हरवल्यामुळे हा खटाटोप सुरू केला, नेमकं तेच त्यात नव्हतं. माझ्याकडून दुसऱ्यांदा चूक झाली. फरक एवढाच, की या वेळी ती आमच्या परीक्षेत सापडली, नोटीस आल्यावर नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा घेतली. तिन्ही गोष्टी आल्या. नव्या लॅपटॉपवर टॅली चढवण्यापासून ते पहिली एंट्री होईपर्यंत २ तास ४० मिनिटं लागली. ताईने "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत" म्हटलं होतं, त्यात आरामात बसलं. आता ही परीक्षा तिच्या कॅलेंडरवर आहे, दर तीन महिन्यांनी.

[१५:४०] या आठवड्याचा गृहपाठ

नवी डिस्क घ्यायला, क्लाउडचा प्लॅन घ्यायला महिन्याअखेरीला पैसे नसतील, चालेल. आज फक्त एवढं करा:

१. वहीत तीन रकाने काढा. पहिल्या रकान्यात काय आहे आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे, पूर्ण पत्त्यासकट लिहा.

२. त्यातली एक जुनी फाइल निवडा. दोन वर्षं जुनी असेल तर उत्तम.

३. लॅपटॉप बंद करा आणि ती फाइल दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर आणून उघडून दाखवा. मित्राचा लॅपटॉप चालेल, सायबर कॅफेत मात्र नको.

आली, तर छान, पुढचं वेळापत्रक बसवा. नाही आली, तर निदान आजच कळलं.

ताईला हा भाग आधी ऐकवला. ती म्हणाली, "ते हळदवाल्यांचं सांगितलंस ते बरं केलंस. फक्त एक सांगायचं राहिलं." काय? "त्यांनी या वर्षीही काम माझ्याकडेच दिलंय. आणि विचारलं, बाई, आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं पण असं काहीतरी करून द्याल का?"

तर पुढच्या वेळी सांगलीला गेलो की मार्केट यार्डात एक फेरी आहे. तोपर्यंत तुमची फाइल आली की नाही, ते खाली लिहा. नाही आली असेल तर ते आधी लिहा, बिनधास्त. माझीही नव्हतीच आली.

भेटू पुढच्या बुधवारी. काळजी घ्या, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा!